वाचकांचे प्रश्न : आठव्या क्रमांकावर येणारा गोलंदाज

मागच्या अंकात आम्ही गोलंदाज-अष्टपैलूच्या कारकिर्दीविषयी प्रश्न मागवले होते. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बऱ्याच पत्रांत पाठदुखीचा उल्लेख होता, म्हणून त्या उत्तराला जागाही जास्त दिली आहे.

बोलिंग करतो आणि बॅटिंगही करतो, म्हणजे अष्टपैलूच. मग ‘गोलंदाज-अष्टपैलू’ हा वेगळा प्रकार कशाला? आमच्या वाडीत अजित आगरकरवरून वाद पेटलाय.
एक वाचक, गुहागर

खेळाडूची बॅटिंग बाजूला ठेवा आणि विचारा, नुसत्या गोलंदाजीवर हा संघात बसतो का? बसत असेल आणि वर धावाही करत असेल, तर तो गोलंदाज-अष्टपैलू. जॅक कॅलिसने कसोटीत २९२ बळी घेतले, पण ५५.३७ च्या सरासरीने धावा करणारा माणूस एकही चेंडू न टाकता कुठल्याही संघात गेला असता. तो फलंदाज-अष्टपैलू.

दुसरा निकष आकड्यांचा. फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त हवी. रिचर्ड हॅडली २७.१६ आणि २२.२९, शॉन पोलॉक ३२.३१ आणि २३.११, इम्रान खान ३७.६९ आणि २२.८१. कपिल देवचे आकडे ३१.०५ आणि २९.६४, म्हणजे फरक थोडाच. पण कसोटीत ५००० धावा आणि ४०० बळी ही जोडी त्याच्याशिवाय कोणाकडेच नाही (५२४८ धावा, ४३४ बळी).

तळाच्या फलंदाजाची सरासरी मात्र जपून वाचा. समजा १२ डावांत १६८ धावा झाल्या आणि ४ वेळा तो नाबाद राहिला. सरासरी निघते २१, पण प्रत्येक डावामागे धावा १४ च. आठव्या-नवव्या क्रमांकावर नाबाद राहण्याचे प्रसंग जास्त येतात, म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

आता आगरकर. तो रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडला आणि सर जन्माने मालवणचे, तेव्हा कोकणात त्याच्यावरून वाद होणं साहजिक आहे. वन-डेत २८८ बळी, सरासरी २७.८५ आणि डिसेंबर २००० मध्ये राजकोटला झिम्बाब्वेविरुद्ध २१ चेंडूंत अर्धशतक. तिथे पहिल्या निकषावर तो गोलंदाज-अष्टपैलू. कसोटीत २००२ चं लॉर्ड्सवरचं नाबाद १०९ सगळ्यांना आठवतं, पण २६ सामन्यांत धावा ५७१ आणि गोलंदाजीची सरासरी ४७.३२. तिथे पहिल्याच निकषावर तो अडतो. वाडीतले दोन्ही पक्ष अर्धे अर्धे बरोबर आहेत.

मुलगा पंधरा वर्षांचा, उजव्या हाताने वेगात टाकतो. शाळेचा संघ, तालुक्याचा कॅम्प आणि सुट्टीत गावोगावच्या टेनिसच्या स्पर्धा, सगळीकडे त्यालाच बोलावतात. दोन महिने कमरेत डाव्या बाजूला दुखतंय. बाम लावून खेळतो. बॅटिंग करताना त्रास नाही. काय करावं?
एक पालक, राजापूर

आजपासून बोलिंग बंद करा. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. उजव्या हाताने वेगात टाकणाऱ्याला कमरेत डाव्या बाजूला दुखत असेल, तर कमरेच्या चौथ्या किंवा पाचव्या मणक्याला बारीक तडा गेल्याची शंका पहिल्यांदा घ्यायची असते. डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहून जास्त भार वर येतो. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली असते, डावीकडे झुकलेली असते आणि वळतही असते. वाढीच्या वयात हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. हा मार त्याच जागी हजारो वेळा बसला की तडा जातो. बॅटिंगमध्ये हे तिन्ही एकदम होत नाही, म्हणून तिथे दुखत नाही. बामाने वरचा स्नायू सैल होतो, हाडाला काही होत नाही. कोणाकडून चोळून किंवा मोडून घेऊ नका.

त्याला डाव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगा. त्याच जागी कळ आली तर लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. वाकून काही दुखलं नाही म्हणून मात्र घरी बसू नका, दोन महिन्यांचं दुखणं तपासून घ्यायलाच हवं. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बहुधा दिसत नाही. ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणून मुलं पुन्हा खेळायला लागतात आणि दुखणं दुप्पट होऊन परत येतं. एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा कोल्हापूरला जावं लागलं तरी जा. तडा निघाला तर बोलिंगला बहुधा चार ते सहा महिने सुट्टी, कधी जास्त.

मुलाला हे जड जाईल, तेव्हा त्याला पॅट कमिन्सबद्दल सांगा. नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, डावात ७९ धावांत ६ बळी घेतले आणि विजयी फटकाही त्यानेच मारला. मग पाठीसह एकामागून एक दुखापती. दुसरी कसोटी मिळाली ती मार्च २०१७ मध्ये, रांचीला. पुढे तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. डेनिस लिली १९७३ मध्ये याच दुखण्याने पडला होता आणि त्यानंतर अनेक वर्षं खेळला. हाड भरू दिलं तर कारकीर्द संपत नाही.

दुखणं कशामुळे आलं हेही बघायला हवं, नाहीतर सहा महिन्यांनी तेच होईल. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाची कोवळ्या वेगवान गोलंदाजांसाठी नियमावली आहे. त्यात १४-१५ वर्षांच्या मुलाला एका स्पेलमध्ये (एका दमात) ६ आणि दिवसात १२ षटकं, १६-१७ व्या वर्षी ७ आणि १८ अशी मर्यादा ठेवलेली आहे. आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे शाळा, कॅम्प आणि स्पर्धा यांची बेरीज कोणीच करत नाही, कारण तिन्ही ठिकाणची मोठी माणसं वेगळी असतात. ती बेरीज पालकांनी करायची. वहीत रोजचे चेंडू लिहा, नेट्समधले धरून. कुठल्याही आठवड्याचा आकडा आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीवर जाऊ देऊ नका. सरासरी १०० असेल तर १५० ला थांबायचं. परीक्षेच्या महिन्यात आकडा शून्यावर येतो आणि एप्रिलमध्ये एकदम ३०० होतो, हाड तिथेच मोडतं.

‘टेनिसचा चेंडू हलका, त्याने पाठीला काय होणार?’ असं अनेकांना वाटतं. पाठीवरचा भार जमिनीवर आपटणाऱ्या पायातून येतो, चेंडूच्या वजनाशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट गावच्या स्पर्धेत दिवसाला चार-पाच सामने, प्रत्येकात दोन षटकं आणि मधले तास-दीड तास पोरं मांडवाखाली बसलेली. दर वेळी थंड पडलेल्या अंगाने पूर्ण जोर लावायचा. जमीन जांभ्याची, खाली काही नाही. हा मार मैदानावरच्या दहा षटकांपेक्षा जास्त आहे. प्रत्येक सामन्याआधी दहा मिनिटं धावून, मग चार-सहा चेंडू हलक्या हाताने टाकूनच पहिलं षटक घ्यावं.

आणि राजापूरचं पत्र आहे म्हणून लिहितो. आंब्याच्या मोसमात पोरगा बागेत भरलेल्या पेट्या उचलत असेल तर तेही वहीत लिहा. दिवसभर वाकून पेट्या गाडीत चढवायच्या आणि संध्याकाळी वेगात बोलिंग करायची, हे एकाच दिवशी नको.

शेवटी त्याची ॲक्शन तपासा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन चित्रणं घ्या, एक मागून, एक बाजूने. मागचा पाय टेकतो त्या क्षणाला चित्र थांबवा. खांदे आणि कंबर एकाच दिशेला हवेत. दोन्ही बाजूला वळलेले असोत किंवा दोन्ही समोर, चालतं. कंबर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे असतील तर ती मिश्र ॲक्शन. मग चेंडू सोडेपर्यंत खांद्यांना उलटं फिरावं लागतं आणि कमरेचा मणका पिळला जातो. ही चूक बहुधा मागच्या पायाच्या पंजाच्या दिशेने सुधारते: आडवं टाकायचं तर पंजा क्रीजला समांतर, समोरून टाकायचं तर पंजा फलंदाजाकडे. बदल करायचा तो सुट्टीच्या काळात, प्रशिक्षकासमोर.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिले दोन आठवडे एकाआड एक दिवस उभ्यानेच १२ ते १८ चेंडू, पुढचे दोन आठवडे चार पावलांवरून, मग अर्ध्या रन-अपवरून. दुखलं की एक पायरी खाली. तोवर बॅट हातात राहू दे, डॉक्टर हो म्हणत असतील तर. अष्टपैलूला ही एक सोय असते.

मी एकोणीस वर्षांचा. टेनिसला आमच्या भागात माझं नाव आहे, यॉर्करवर सामने काढतो. सीझन बॉलला मात्र मार खातो. चेंडू एकतर फुलटॉस पडतो, नाहीतर आखूड. कुठे चुकतं?
एक खेळाडू, वेंगुर्ला

चुकत काही नाही, हत्यार बदललंय. साधा टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, सीझन, म्हणजे चामड्याचा, १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट. हलक्या चेंडूला वेग द्यायला टेनिसवाला मनगट आणि कोपराने झटका देतो, जड चेंडू त्या झटक्यात हातातून लवकर सुटतो आणि फुलटॉस पडतो. ते आवरायला गेलात की उशिरा सुटतो आणि आखूड पडतो. जोर आता धावण्यातून आणि ताठ राहिलेल्या पुढच्या गुडघ्यातून यायला हवा.

कोपर तपासून घ्या. चेंडू सोडताना हात १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, असा नियम आहे. टेनिसच्या स्पर्धेत पंच तिकडे फार बघत नाहीत, पुढे बघतात. तीन वर्षांची सवय मोडायला सहा महिने लागतात, म्हणून आत्ताच चित्रण करून पाहा.

पकड: शिवण उभी, पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर. चेंडू तळहातात रुतवू नका, बोटांत धरा. हात सोडताना मनगट चेंडूच्या मागे. सुटलेल्या चेंडूची शिवण हवेत डगमगत असेल तर मनगट बाजूला पडतंय. अर्ध्या चेंडूला रंग लावून वीस पावलांवरून मित्राच्या हातात टाकत राहा, डगमग लगेच दिसते.

टप्पा: टेनिसमध्ये यॉर्कर किंवा छातीवर, मधला चेंडू सीमेपार जातो. सीझनला मधलाच चेंडू बळी काढतो. स्टंपांपासून ६ ते ८ मीटरवर दोरी किंवा चुन्याची पट्टी टाका. वेग मध्यम असेल तर पट्टी मीटरभर पुढे, फलंदाजाकडे घ्या. ३० चेंडूंतले १८ पट्टीत पडेपर्यंत दुसरं काही करू नका, स्लोअर तर नाहीच.

रन-अप: अंगणात किंवा छोट्या मैदानात वाढलेल्या पोरांची धाव सहा-सात पावलांची असते. ती बारा-चौदा करताना लोक अंदाजाने मागे जातात, मग नो-बॉल पडतात. क्रीजवरून उलटं, मोकळ्या मैदानाकडे धावा आणि जिथे उडी सहज येते तिथे मित्राला खूण करायला सांगा. असं आठ-दहा वेळा करा, खुणांची मधली जागा टेपने मोजा आणि फुटात लिहून ठेवा. वारा पाठीमागून असेल तर सुरुवातीची खूण अर्ध्या पावलाने मागे न्या.

कातळावरच्या किंवा सिमेंटवरच्या मॅटवर सराव करत असाल तर खिळ्यांचे बूट नकोत, रबरी दाण्यांचे घ्या. पुढचा पाय पडतो तिथे मॅटखाली रबराची जाड चटई टाका. टाच आणि नडगी वाचते.

आमचं मैदान समुद्रालगत आहे. दुपारनंतर एका टोकाकडून चेंडू भन्नाट बाहेर जातो, दुसऱ्या टोकाकडून त्याच गोलंदाजाचा जातच नाही. दमट हवेमुळे का?
एक वाचक, देवगड

दमटपणामुळे नाही. दमट हवेने स्विंग वाढतो ही समजूत प्रयोगांत ठामपणे सिद्ध झालेली नाही. तुमच्याकडे काम करतात ते खारे वारे. खेळपट्टी दक्षिणोत्तर धरली तर उत्तरेच्या टोकाकडून टाकणाऱ्याच्या उजव्या हाताला समुद्र येतो. वारा उजवीकडून डावीकडे ढकलतो आणि उजव्या फलंदाजाची ऑफ बाजू गोलंदाजाच्या डावीकडेच असते, म्हणून आउटस्विंगर पळतो. दक्षिणेकडून टाकताना वारा उलट, तिथे तोच आउटस्विंगर दाबला जातो आणि इनस्विंगर चालतो. कर्णधाराने दुपारनंतर टोकं त्या हिशेबाने वाटावीत.

मूळ स्विंग शिवणीचा. शिवण साधारण २० अंश तिरकी धरली की त्या बाजूची हवा शिवणीवर ठेचकाळून चेंडूला जास्त वेळ चिकटते, चकचकीत बाजूची लवकर सुटते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो. त्यासाठी एक बाजू कोरडी आणि चकचकीत हवी. आपल्याकडे घामाने ओला हात दोन्ही बाजूंना लागतो आणि चेंडू दहा षटकांत सगळीकडून सारखाच मळतो. चेंडू फक्त दोघांनी घासायचा, बाकीच्यांनी शिवण धरून फेकायचा. रुमाल कोरडा हवा.

पुळणीवर रोज पाच किलोमीटर धावतो. गोलंदाजीला चांगलं ना?
एक वाचक, हर्णै

ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चांगलं. भुसभुशीत वाळूत टाच खोल जाते आणि घोट्यामागची शीर ताणली जाते. तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलात की एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो आणि कंबर दुखते. जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेने परत या. आणि पाच किलोमीटर सावकाश धावण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस ३० मीटरच्या बारा वेगवान धावा, मधे चालत परत, या गोलंदाजाला जास्त उपयोगी.

शार्दूल ठाकूर आमच्या पालघरचा. गाबाची खेळी आम्ही अजून विसरलो नाही. आठव्या-नवव्या क्रमांकावर येणाऱ्याने बॅटिंगचा सराव नेमका कसा करावा? नेट्समध्ये आमची पाळी येईपर्यंत अंधार पडतो.
एक खेळाडू, पालघर

शेवटचं वाक्य हीच खरी अडचण आहे. गोलंदाजांना शेवटची दहा मिनिटं मिळतात आणि तीही दमलेल्या गोलंदाजांसमोर.

आधी गाबा, म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान. जानेवारी २०२१, ऑस्ट्रेलियाच्या ३६९ समोर भारत ६ बाद १८६. तिथून ठाकूर (६७) आणि वॉशिंग्टन सुंदर (६२) यांनी सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या. त्याच सामन्यात ठाकूरने ७ बळीही घेतले. लोकांना त्याचे षटकार आठवतात, आम्हाला ११५ चेंडू आठवतात. आठव्या क्रमांकाचा माणूस एवढे चेंडू उभा राहिला, म्हणून सुंदरला साथ मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं झाली (५७ आणि ६०). जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. मार्च २०२४ च्या रणजी उपांत्य सामन्यात तमिळनाडूसमोर मुंबई ७ बाद १०६ असताना १०९. हे त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. हाच माणूस २०१८ मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला होता.

सराव असा. बोलिंग संपली की पाच मिनिटांत पॅड बांधा आणि २४ चेंडू खेळा. सामन्यात तळाचा फलंदाज दमलेलाच असतो, ताज्या अंगाने सराव करून उपयोग नाही. पहिले १२ चेंडू फक्त स्टंपांवरचे अडवायचे आणि बाहेरचे सोडायचे. सोडणं हाही फटका आहे, तळाचे निम्मे फलंदाज सोडता येत नाही म्हणून स्लिपमध्ये जातात. पुढचे १२ चेंडू परिस्थिती ठरवून: ‘समोर शेवटचा फलंदाज आहे, पाचव्या चेंडूवर एक धाव हवी.’

नेट्स मिळत नसेल तर सिमेंटच्या अंगणात ओला टेनिस बॉल. पंधरा पावलांवरून मित्राने खांद्यापर्यंत उसळेल असा फेकायचा. ओला चेंडू सिमेंटवरून सटकन येतो. मान वळवायची नाही, चेंडूवरची नजर शेवटपर्यंत काढायची नाही, हात खाली घेऊन वाकायचं किंवा मागे झुकायचं. तळाच्या फलंदाजाला समोरचा गोलंदाज आखूड टाकणारच, पाच षटकांत टाकेल. हेल्मेट मात्र नीट बसणारं आणि मानेचा रक्षक लावलेलं हवं. टेनिसची मागून कोरलेली जाड बॅट सीझनला वापरू नका, ती तडकते आणि तोलही वेगळा असतो. हात लहान असतील तर ११०० ते ११५० ग्रॅमची बॅट पुरे.

आणखी एक हिशेब ठेवा. धावांपेक्षा ‘मी असताना संघाने किती धावा जोडल्या’ हा आकडा लिहा. आठव्या क्रमांकाच्या २० धावा आणि भागीदारीच्या ६० यांत संघाला कामाचे ६० असतात.

मुलीही या वाटेने जाऊ शकतात का? माझी पुतणी ऑफस्पिन टाकते.
एक वाचक, अलिबाग

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्माने ५८ धावा केल्या आणि ३९ धावांत ५ बळी घेतले. ती ऑफस्पिनरच. स्पर्धेत २२ बळी आणि २१५ धावा. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. पुतणीला मुलांच्या जड चेंडूने सराव करायला लावू नका, बोटांची पकड बिघडते. स्पिनरला पाठीच्या तड्याचा धोका कमी असतो, खांदा आणि बोटांची कातडी जपावी लागते.

वेग कमी झाला की गोलंदाज-अष्टपैलूने काय करावं? बॅटिंगवर भर देऊन संघात राहता येतं का?
एक निवृत्त शिक्षक, मालवण

सर, नुसत्या बॅटिंगवर फार थोडे राहिले. बहुतेक वेळा गोलंदाजी गेली की आठव्या क्रमांकाचा फलंदाज सहाव्या क्रमांकाच्या स्पर्धेत उतरतो आणि तिथे त्याच्याहून चांगले फलंदाज उभे असतात. म्हणून वेग गेला तरी गोलंदाजी दुसऱ्या रूपाने टिकवावी लागते.

हॅडलीने ऐन उमेदीत लांब रन-अप छोटा केला. त्याच्यावर टीका झाली, पण दिशा आणखी काटेकोर झाली आणि शरीर टिकलं. कसोटीत ४०० बळी घेणारा तो पहिला, १९९० मध्ये. निवृत्त झाला तेव्हा वय ३९ होतं, खात्यावर ८६ कसोटींत ४३१ बळी. कपिल १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे एकदाही बाहेर बसला नाही. एक कसोटी हुकली ती बेजबाबदार फटक्यामुळे वगळल्याने. अखेरच्या वर्षांत त्याचा वेग बराच उतरला होता, आउटस्विंगर आणि टप्पा यांवर त्याने ४३४ गाठले.

कोकणातल्या मुलांनी अभ्यासावा असा गोलंदाज मात्र आमच्या मते चमिंडा वास. श्रीलंकेची हवा आपल्यासारखीच उष्ण आणि दमट, खेळपट्ट्या संथ, बहुतेक स्पिनच्या. तिथे हा डावखुरा मध्यम-वेगवान गोलंदाज १९९४ ते २००९ टिकला. १११ कसोटींत ३५५ बळी, वन-डेत ४०० बळी, त्यातच २००१ मध्ये कोलंबोला झिम्बाब्वेविरुद्ध १९ धावांत ८. नव्या चेंडूने आत येणारा स्विंग, जुन्या चेंडूने कटर, आणि एकाच पावलात टाकलेले तीन वेगवेगळे वेग. कसोटीत ३०८९ धावा, पण एकमेव शतक २००७ मध्ये आलं, पदार्पणानंतर तेरा वर्षांनी. बॅटिंग किती सावकाश वाढते, ते या एका आकड्यात आहे.

उलट उदाहरण मनाला लागतं. इरफान पठाण, २९ कसोटींत १०० बळी आणि ११०५ धावा, आणि शेवटची कसोटी २००८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तिसऱ्या क्रमांकावर खेळवल्यामुळे तो बिघडला असं सर्रास म्हणतात. आम्हाला ते पुरेसं पटत नाही. त्याचा वेग उतरला, आत येणारा स्विंग हरवला, मधे दुखापती आल्या. धावा तेव्हाही होत होत्या, पण संघात जागा मिळवून देणारी गोष्ट स्विंग होती.

रत्नागिरीतून रणजीपर्यंतची वाट कशी?
एक पालक, चिपळूण

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत, म्हणजे निवड पुण्याकडे. जिल्हा संघटनेत नाव नोंदवून जिल्ह्याच्या वयोगट संघात जागा मिळवायची. राज्य संघात आल्यावर १६ वर्षांखालील विजय मर्चंट, १९ वर्षांखालील कूचबिहार, २३ वर्षांखालील सी. के. नायडू आणि मग रणजी. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारवरची तारीख एकच असू द्या, त्यात एका दिवसाचा फरक असला तरी आधीच दुरुस्त करून घ्या. लहान वयोगटात हाडांवरून वयाची चाचणी होते. निवड चाचणीला अर्जात ‘ऑलराउंडर’ एवढंच लिहू नये. ‘उजव्या हाताचा मध्यम-वेगवान गोलंदाज, खालच्या क्रमांकाचा फलंदाज’ असं लिहावं. नुसतं ऑलराउंडर लिहिणाऱ्याला कधी दोन षटकं आणि सहा चेंडू मिळतात, आणि त्यात काहीच दिसत नाही.

पावसाळ्यात किटला बुरशी येते, चेंडू फुगतात. उपाय?
एक वाचक, सावंतवाडी

भिजलेला चेंडू उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, कातडं तडकतं आणि शिवण सुटते. कोरड्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून पंख्याखाली दोन दिवस ठेवा. तो चेंडू नंतर फक्त झेल आणि थ्रोच्या सरावाला, बोलिंगला नाही. पाणी प्यायलेला चेंडू जड होतो आणि खांदा धरतो. पॅड आणि ग्लोव्हज पिशवीतून काढून दोरीवर टांगा. आठवड्यातून एकदा फडक्यावर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि रोज बदला. बॅटला जूनपूर्वी जवसाच्या तेलाचा एक पातळ हात द्या, हँडलच्या सांध्याला तेल लावू नका, आणि ती भिंतीला टेकवून जमिनीवर न ठेवता आडवी फळीवर ठेवा. ओल खालूनच चढते.